बिरड्याच्या सणानंतर पेरा, हनुक्काला तोडा

(प्रार्थनालयाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात, तू बिश्वातच्या संध्याकाळी, मलिद्यानंतर केलेले भाषण)



मलिद्याची ताटे आत्ताच रिकामी झाली आहेत. पोटे भरलेली असताना भाषण ऐकायला लावणे हा एक प्रकारचा जुलूमच आहे. तरीही व्यवस्थापक मंडळाने आम्हां बागवाल्यांना थोडा वेळ दिला, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

आम्ही म्हणजे कोण, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. प्रार्थनालयाच्या मागच्या अंगणात रविवारी आणि बुधवारी सकाळी खुरपी घेऊन बसणारी आम्ही पाच-सहा म्हातारी माणसे. आमच्यात कोणी रेल्वेत कारकून होते, कोणी गोदीत होते, कोणी इस्पितळात नर्स होत्या. शेतकरी कोणीच नव्हते. पण आमचे आजे-पणजे कुलाबा जिल्ह्यातले. १९८१ पासून त्या जिल्ह्याला रायगड म्हणतात, तरी आमच्या तोंडी अजून कुलाबाच येते. तेलाचा घाणा, जोडीला थोडी भातशेती आणि परसात भाजीचा मांडव, असे ते जगणे होते. आपल्या आडनावांत अजून गावे आहेत. नुसते ‘पेणकर’, ‘नवगावकर’ म्हटले तरी डोळ्यांपुढे गाव येते. म्हणून मुंबईच्या चाळीत राहतानासुद्धा डालड्याच्या डब्यात मिरची लावल्याशिवाय आमच्या आयांना चैन पडत नसे.

आज आम्हांला बागेविषयी दोन शब्द सांगायचे आहेत आणि शेवटी एक विनंती करायची आहे.

आपण या देशात आलो तेव्हा भाषा वेगळी, हवा वेगळी, काम वेगळे. पण बाग करायला घेतली तेव्हा कळले की इथे वर्षसुद्धा उलटे फिरते. कोकणात मृग नक्षत्र लागले की पेरणी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत असा पाऊस की अंगणाचे तळे व्हावे. अलिबागेला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या बेर-शेवात वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर, आणि तोही सगळा हिवाळ्यात. जून ते सप्टेंबर आकाशातून टिपूस नाही. आमच्यातल्या एका बाईंनी इथल्या पहिल्याच वर्षी, सवयीप्रमाणे, जूनच्या पहिल्या आठवड्यात मेथी पेरली. दोन पाने आली आणि तिसऱ्या दिवशी उन्हाने करपली. त्या आजही सांगतात, “मी आभाळाकडे बघत बसले आणि आभाळ माझ्याकडे!”

मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. लहानपणी कोकणात आपण काय म्हणत होतो? सुक्कोथ संपताना, शेमिनी आत्सेरेथच्या दिवसापासून पेसाहपर्यंत, आमीदात पावसाचे शब्द. पेसाहपासून पुढे, उन्हाळाभर, दवाचे शब्द. आता आठवून पाहा. पाऊस कोसळतो आहे, छपरातून पाणी गळते आहे, छत्री उलटी झाली आहे, आणि आपण प्रार्थनेत दवाचे नाव घेतो आहोत. पुढे सुक्कोथ संपले, पाऊस गेला, शेते वाळली, आणि आपण पावसाचे नाव घ्यायला लागलो. मुले विचारीत, “बाबा, पाऊस तर आत्ताच गेला ना?” वडील म्हणत, “हे तिकडच्या देशासाठी आहे.” तिकडचा देश म्हणजे कोणता, तिथे काय पिकते, तिथला पाऊस कधी पडतो, हे त्या वडिलांनी कधी पाहिले नव्हते. पण पिढ्यान् पिढ्या त्यांनी दुसऱ्या देशाच्या शेतासाठी पाऊस मागितला.

आता आपण त्या देशात आहोत. हेश्वानच्या सात तारखेपासून इथे पाऊस मागायला सुरुवात होते, कारण यात्रेकरूंना येरुशलाइमहून युफ्रातिसपर्यंत कोरड्या वाटेने घरी पोचू द्यावे, असे आपल्या हाखामांनी ठरवले. त्याच सुमारास पहिला पाऊस येतो, त्याला योरे म्हणतात. त्याच आठवड्यात आम्ही मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, लसूण आणि वाटाणा लावतो. निसान महिन्याच्या आसपास शेवटचा पाऊस, मलकोश. पेसाह झाला की भेंडी, काकडी, दुधी, पडवळ. आणि दवाचे म्हणाल तर उन्हाळ्यात पहाटे बागेत येऊन बघा. महिनोन् महिने पावसाचा थेंब नसतो, पण पडवळाची पाने हाताला ओली लागतात. जे शब्द आपण नुसते म्हणत होतो, ते आम्ही हाताने चाचपून पाहिले ते या बागेत.

आता वालाची गोष्ट. तिशा बेआवला आपले लोक बिरड्याचा सण म्हणतात. उपास सोडताना वालाचे बिरडे, नारळाच्या दुधातले, आमसूल घातलेले. आपल्या सणांची जुनी नावे बघा: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. त्या काळी आपल्याकडे पंचांग छापलेले नव्हते. त्या महिन्यात घरात, शेतात जे असे त्यावरून सण ओळखला जाई. हाईम शमुएल केहीमकर यांनी १८९७ साली लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवला छापल्या गेलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासातही ही नावे आहेत. भात कापल्यावर, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरायचा, थंडीत शेंगा खायच्या, उरलेला वाळवून ठेवायचा, आणि पावसाळ्यात, भाजी महाग असते तेव्हा, त्याला मोड आणून बिरडे करायचे. असा तो हिशेब.

कोणाच्या तरी ट्रंकेतून खाण्यासाठी आणलेले कडवे वाल होते. त्यातले मूठभर आम्ही कोकणाप्रमाणे नोव्हेंबरमध्ये लावले. नेगेवच्या थंडीने सगळे मारले. दुसऱ्या वर्षी शहाणपण करून पेसाहनंतर लावले. वेल मात्र असा माजला की मांडव झाकून गेला, कुंपणावर चढला, शेजारच्या मोरोक्कन बाईंच्या कपड्यांच्या दोरीपर्यंत गेला. पण फूल एक नाही. सिवान गेला, तामूझ गेला, आव गेला, सगळी पानेच पाने. शेजारीण विचारी, “हे तुम्ही सावलीसाठी लावता का?” आम्ही वेल उपटून टाकणार होतो, तेवढ्यात सुक्कोथच्या सुमारास त्याला पांढरी फुले आली.

कारण पुढे समजले. आपल्याकडचा वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. त्याला पाणी द्या, खत द्या, तो दिवसाची लांबी मोजत बसतो. इथे उन्हाळ्याचे दिवस कोकणापेक्षा बरेच मोठे असतात, म्हणून तो थांबून राहिला. तेव्हापासून आमचा नियम ठरला: बिरड्याचा सण उतरला की वाल पेरायचा. उन्हात रोप लवकर उठते, वेल आटोपशीर राहतो, सुक्कोथनंतर फुले आणि हनुक्काच्या सुमारास शेंगा, कडाक्याची थंडी पडण्याआधी. कोकणात ज्या सणाला वाल शिजत असे, त्या सणानंतर इथे तो मातीत जातो. आम्ही तर म्हणच केली आहे: बिरड्याच्या सणानंतर पेरा, हनुक्काला तोडा. त्याच शेंगांतले चांगले दाणे वाळवून पुढच्या वर्षीच्या बिरड्याच्या सणाला मोड आणायचे. म्हणजे सणही राहिला आणि वालही राहिला.

मातीविषयी थोडे सांगतो. इथली माती पिवळसर, पिठासारखी बारीक. तिला लोएस म्हणतात. पहिला पाऊस पडला की वर पापडी धरते आणि पाणी आत न मुरता वाहून जाते. म्हणून पाऊस पडून गेला की वरची पापडी हलक्या हाताने फोडावी, आणि वाफ्यावर वाळका पालापाचोळा पसरावा. स्वयंपाकघरातल्या भाज्यांच्या साली आम्ही कोपऱ्यातल्या खड्ड्यात कुजवतो. तीन-चार वर्षे हे केल्यावर माती काळसर झाली आणि गांडुळे दिसली. गांडूळ पाहून एवढा आनंद होईल असे आम्हांला कधी वाटले नव्हते.

पाणी ठिबकने देतो. इथून जवळच हात्सेरीम किबुत्झ आहे. तिथे १९६५ साली नेताफीम कंपनी निघाली आणि ठिबकच्या नळ्या जगभर गेल्या. आज महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या आणि केळींच्या बागांतही ठिबकच आहे. अळूला मात्र ठिबक पुरत नाही, त्याला पाय ओले हवेत. म्हणून सभागृहाच्या एअरकंडिशनरची नळी आम्ही अळूच्या आळ्यात सोडली आहे. उन्हाळ्यात आपण आत गारव्यात बसतो, तेव्हा बाहेर अळू पाणी पितो. त्या अळूची फतफती आपण सर्वांनी खाल्ली आहे, तेव्हा तक्रार कोणी करू नये.

न लावता जे येते तेही सांगण्यासारखे आहे. कोकणात पहिल्या पावसानंतर टाकळा येई. इथे पहिल्या पावसानंतर खुबेजा येते, रस्त्याच्या कडेला, गोल पानांची. १९४८ साली येरुशलाइमला वेढा पडला तेव्हा तिथल्या लोकांनी हीच पाने तोडून खाल्ली. आम्ही ती लसूण-मिरचीची फोडणी देऊन, वर खोबरे घालून करतो. उन्हाळ्यात नळीजवळ लालसर देठाची एक जाडसर पानांची वेल पसरते. सगळे जण तण म्हणून उपटीत होते. एक आजी आल्या आणि ओरडल्या, “अरे, ही तर घोळ!” तीच ती, ताकातली घोळीची भाजी. फक्त एक खूण ध्यानात ठेवा: देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, ती खाऊ नये. माठही आपोआप उगवतो. चाळीस वर्षे आपण दुकानात ज्या भाज्या शोधत होतो, त्यांतल्या दोन-तीन पायाखालीच होत्या.

आता थोडे धर्माविषयी. कोकणात परसातली भाजी तोडली, धुतली, चिरली, झाले. इथे तोडलेल्या भाजीतून तेरुमा आणि मआसेर बाजूला काढल्याशिवाय ती खाता येत नाही. शंभरात एकाहून थोडा अधिक भाग वेगळा काढायचा, शब्द म्हणायचे, तो भाग नीट गुंडाळून टाकायचा. मआसेर शेनीसाठी नाणे ठेवायचे. सुरुवातीला हे ओझे वाटले. आता भाजीची टोपली आली की मुलेच ओरडतात, “थांबा, अजून काढले नाही!” आपल्या आजोबांना जे करण्याची संधी मिळाली नाही, ते आपली नातवंडे कोथिंबिरीच्या जुडीवर करतात. दोन जातींच्या भाज्या मिसळून पेरायच्या नाहीत, म्हणून वाफ्यांमध्ये अंतर ठेवतो. कोकणात एकाच मांडवावर काकडी, पडवळ, दोडका गुण्यागोविंदाने राहत. इथे त्यांना वेगवेगळी बिऱ्हाडे करून द्यावी लागली.

५७८२ हे शेमिता वर्ष होते, म्हणजे सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२. त्या वर्षी आम्ही काही पेरले नाही, छाटले नाही. तोंडलीचा वेल आणि शेवगा मरू नये एवढेच पाणी घातले आणि मागचे दार उघडे ठेवले. शेवग्याच्या शेंगा ज्याला हव्या त्याने नेल्या. खरे सांगायचे तर आम्हांला ते जड गेले. बागेत येऊन हात बांधून बसणे हे खुरपण्यापेक्षा कठीण आहे. पण त्या वर्षाने एक शिकवले: अंगण आमचे नव्हे, आम्ही नुसते राखणदार.

कोणी विचारतील, सुपरमार्केटमध्ये बारा महिने सर्व मिळते, मग हा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर आपल्याच प्रार्थनेत आहे. वर्षातून एकदा येणारे नवे फळ पहिल्यांदा खाताना आपण शेहेहेयानू म्हणतो. जे फळ वर्षभर मिळते, त्याच्यावर ती बेराखा नाही. म्हणजे ज्याची वाट पाहावी लागली, त्याचाच आनंद. देशात आंबा वैशाखात येत असे. इथे आव-एलूलमध्ये येतो. हापूस नव्हे, पण वाट पाहिलेली असली की गोड लागतो. रोश हाशानाला डाळिंब आणि ओला खजूर, हनुक्काला वालाच्या शेंगा, तू बिश्वातला संत्रे. आज मलिद्याच्या ताटात जी पाच फळे होती, त्यांतली संत्री मागच्या अंगणातली होती, हे किती जणांना कळले?

आणि ऑक्टोबर २०२३ आपण विसरलेलो नाही. पश्चिम नेगेवमधली शेते, जिथून देशाची बरीचशी भाजी येते, तशीच उभी राहिली. तोडायला माणसे नव्हती. शहरांतून लोक स्वयंसेवक म्हणून टोमॅटो तोडायला गेले. त्या आठवड्यांत आमच्या वाफ्यातली भाजी म्हणजे समुद्रातला थेंब होता. पण ज्या घरांतली मुले सैन्यात गेली होती, त्या घरी आम्ही शुक्रवारी मेथीची एकेक जुडी नेऊन देत होतो. जुडीने कोणाचे पोट भरले नसेल. दार वाजले, कोणीतरी आले, एवढे मात्र झाले.

आता विनंती. मागच्या अंगणात फरशी घालून मांडव उभारावा, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. सूचना वावगी नाही. मलिद्याला, मेंदीला जागा अपुरी पडते हे आम्हीही पाहतो. शिवाय आम्ही कमी झालो आहोत. कधीकाळी अकरा जण होतो. कोणाचे गुडघे गेले, कोणी मुलांकडे राहायला गेले, आणि तिघांसाठी आपण कद्दीश म्हणतो. दोन वाफे गेल्या वर्षापासून रिकामे आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. बाग म्हाताऱ्यांची हौस म्हणून राहणार असेल, तर तिने जागा अडवू नये, हे आम्हांलाही पटते.

पण एक लिंबाचे झाड आहे. ते आम्ही ५७८३च्या तू बिश्वातला, फेब्रुवारी २०२३ मध्ये, शेमिता संपल्यावर लावले. दुसऱ्याच वर्षी त्याला लिंबे लागली. एका नातवाने तोडायला हात घातला, तेव्हा त्याला सांगावे लागले की ही ओर्ला, तीन वर्षे फळ खायचे नाही. तो म्हणाला, “तीन वर्षे कोण थांबणार?” आम्ही म्हणालो, “आपण.” लिंबे पिकली, गळून पडली, कोणी खाल्ले नाही. आज, ५७८६च्या तू बिश्वातला, ती मुदत संपली. आता जे फळ धरेल ते चौथ्या वर्षाचे. ते नाण्यावर सोडवून खायचे. ते झाड फरशीच्या आराखड्यात बरोबर मधोमध येते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: अर्ध्या अंगणाला फरशी घाला, अर्धे मातीचे ठेवा, लिंबाकडचे. आणि ते अर्धे आमच्या भरवशावर ठेवू नका. सहा वाफे होतील. सहा कुटुंबांनी एकेक घ्यावा, आणि नातवंडांना आणावे. काय कधी लावायचे ते आम्ही एका वहीत लिहून ठेवले आहे, डावीकडे मराठीत, उजवीकडे इब्रीत. वालाचे बी सध्या फक्त तीन घरांतल्या डब्यांत आहे. आज जाताना दारापाशी छोट्या पुड्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीत दहा दाणे. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी गच्चीत मोठ्या कुंडीत लावावे. पुढची शेमिता सप्टेंबर २०२८ मध्ये, रोश हाशाना ५७८९ला लागते. त्याआधी आपल्या हाती बिरड्याचे तीन सण आहेत. तेवढ्यात बी तीन घरांतून तीस घरांत जायला हवे. कारण त्या वर्षी पेरायचे नाही, आणि एका वर्षाची खंड पडली की जुने बी सर्वच उगवेल असे नाही.

पुड्या मोजून ठेवल्या आहेत. खाण्यासाठी नेऊ नका. दहा दाण्यांचे बिरडे होत नाही.

बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झाले असल्यास सांभाळून घ्यावे. प्रार्थनालयाला दीर्घायुष्य लाभो, त्याच्या अंगणात माती राहो, आणि ती खुरपायला हात मिळोत.